उरलेली पट्टी

प्लॉटरच्या रोलची कडा दर वेळी कापून टाकावी लागते.
अठ्ठावीस वर्षं टाकत आलो.
धक्क्यांच्या, टाक्यांच्या, पाइपांच्या नकाशांशेजारची
वीतभर रुंद, अडीच मीटर लांब कोरी पट्टी
सरळ कचऱ्याच्या पिंपात.

परवा तिच्यावर एक अख्खा देश छापला.
बसला. जरासुद्धा इकडेतिकडे नाही.
देशच तसा, कुणीतरी कापून बाजूला ठेवल्यासारखा.

"चिली?" सुनीती म्हणाली, "नावातच ठसका आहे,"
आणि चिकटपट्टी शोधायला गेली.

आता फुजैरात, आमच्या चौथ्या मजल्यावर,
बेडरूमच्या दाराशी वाळवंट सुरू होतं.
बटणांच्या फळ्याखाली राजधानी,
फ्रीजच्या कडेने जंगलं, तळी,
मग भिंतच संपते,
आणि हिमनद्यांचं टोक
गॅसच्या सिलिंडरवर लोंबत राहतं.

गावांना तिनं टिकल्या लावल्यात.
लाल म्हणजे नक्की.
काळी म्हणजे पैसे उरले तर.
हिरवी, गुडघ्यानं साथ दिली तर.
एक खड्याची आहे, चंदेरी,
समुद्राच्या काठाला, जिथे नकाशात गावच नाही.
विचारलं तर म्हणते, असू दे.

खालचे परकारभाई चहाला आले.
चष्मा कपाळावर सरकवून
तीन पावलांत सगळा देश चालून गेले.
"वाळवंट बघायला निघालात? इथून?
खिडकी उघडा की. तिकीट कशाला?"
आम्ही हसलो.
मग कपबश्या उचलता उचलता सुनीती म्हणाली,
"उघडलीय कधी? एसीची हवा जाते म्हणून
बंदच आहे ती, आलो तेव्हापासून.
इथे राहण्याचे पैसे मिळाले, भाई.
तिथे बघण्याचे द्यायचे."

रजा यापूर्वीही मिळायची.
ती कुणाच्या बारशाला गेली, कुणाच्या मोतीबिंदूला,
दोनदा सातबाऱ्यावरच्या एका सहीला.
आणि बॅग.
तीस किलो मला नुसत्या डोळ्यांनी कळतात.
बदाम, दूधपावडर, अत्तराच्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून,
घोंगडीएवढं ब्लँकेट,
भाच्यासाठी बूट;
मापाला त्यानं कागदावर पाऊल ठेवून
भोवती पेन फिरवून पाठवलं होतं.
इतकी स्वच्छ रेघ मी नोकरीत कधी मारली नाही.
बूट पोचले तोवर पाऊल वाढलं होतं.

मार्चमध्ये माझी साठी.
मग इथला शिक्का संपतो, हिशेब हातात पडतो.
तिकडे तेव्हा पानगळ असते म्हणे,
इथे उन्हाळा दार ठोठावत असताना.
पंचवीस दिवस. देश त्याहून लांब आहे.
रोज रात्री आम्ही कुठेतरी एक टिकली काढतो
आणि सकाळी ती परत जागेवर असते.

गार्गीचा पुण्याहून फोन:
"विमा काढा. गोळ्या दुप्पट घ्या.
आणि आई, तिथे आपलं कोण आहे?"
"कुणी नाही गं," सुनीती म्हणाली,
"कुणी म्हणजे कुणीच नाही,"
पेढे वाटावेत तशा आवाजात.

काल बॅग भरून बघितली, अशीच, तालीम म्हणून.
तिचे दोन स्वेटर, शाळेच्या ऑफिसातल्या गारठ्यात वापरलेले,
माझी कानटोपी, औषधांचा डबा.
काटा अडकवून उचलली. नऊ किलो.
एकवीस मोकळे.
ती बॅगेकडे बघत राहिली, दळण कमी भरल्यासारखी.

खजुराचा डबा आणला. मी म्हटलं, चालत नाही,
तिथे विमानतळावर खाण्याचं सगळं काढून घेतात.
आणि कुणासाठी?
"भेटेल कुणीतरी."

बाहेर समुद्रात तेलाची जहाजं दिवे लावून
आपापल्या नंबराची वाट बघत होती.
तिनं खजूर परत फडताळात ठेवला,
टिकल्यांची दोन नवी पाकिटं स्वेटरच्या घडीत सरकवली,
म्हणाली, आता बघ.

पुन्हा उचलली.
काटा हलला नाही.